कागद न देणारं कॉलेज

‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्द आपल्याकडे सरकारी कागदांत ठळकपणे आला तो २०१३ साली. विद्यापीठ अनुदान आयोगानं त्या वर्षी योजना आखली. नेहमीच्याच कॉलेजांत, आसपासच्या उद्योगधंद्यांना विचारून, सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे अभ्यासक्रम चालवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र किंवा पदविका द्यायची. शब्द अमेरिकेचा. तिकडं इलिनॉय राज्यातल्या जोलिएट या गावी १९०१ साली अशा कॉलेजाची सुरुवात झाली. आपल्या देशात पहिलं कम्युनिटी कॉलेज पुदुच्चेरी विद्यापीठानं १९९५ साली काढलं. तेव्हापासून जिथं जिथं असे वर्ग निघाले, तिथं तिथं दोन प्रश्न मागं लागले. शिकवणं दर्जेदार आहे का? आणि झालेला खर्च वसूल होतो का?

या दोन प्रश्नांवर मला बोलायचं आहे, पण जालन्यात बसून. कारण आमच्या जिल्ह्यात असं एक कॉलेज चाळीसेक वर्षांपासून चालू आहे आणि त्याला कॉलेज म्हणायचं कुणाच्या मनातही आलेलं नाही. जालना शहराला लागून असलेल्या खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र. तिथं परीक्षा नाही, नापास नाही, आणि मूळ कल्पनेप्रमाणं प्रमाणपत्रही नाही. हे ‘नाही’ फार विचारपूर्वक ठेवलेलं होतं. ते का, हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. १९५६ साली केंद्र सरकारनं देशात काही ‘रूरल इन्स्टिट्यूट’ काढल्या, त्यांतली एक गारगोटीला आणि एक अमरावतीला. खेड्यातल्या मुलानं खेड्यातच राहून खेड्याच्या कामाचं उच्च शिक्षण घ्यावं, हा हेतू. तीन वर्षांची पदविका. सरकारनं ती पदवीच्या तोडीची मानली, पण नोकरी देणाऱ्यांनी मानली नाही, पुढचा प्रवेश देणाऱ्यांनी कुरकुर केली, आणि मुलांच्या बापांनी तर सरळच विचारलं, की पदवीच्या तोडीचं घेण्यापेक्षा पदवीच का घेऊ नये? हळूहळू या संस्था विद्यापीठांना जोडल्या गेल्या आणि चारचौघींसारखी कॉलेजं झाल्या. कागदाच्या बाजारात कच्चा कागद घेऊन उतरलं की असंच होतं.

हेच नाईक पुढं कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. आयोगाचा अहवाल १९६६ चा. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शेतीची तंत्रशाळा हवी, ही शिफारस त्यात होती. तिच्यावर चर्चा होत होत १९७३ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं एक समिती नेमली. अध्यक्ष मोहनसिंह मेहता, उदयपूरच्या ‘सेवा मंदिर’चे संस्थापक. मेहता समितीनं कृषी विज्ञान केंद्राचा आराखडा दिला, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की इथं हातानं काम करत शिकायचं, कामाची गरज असेल तेवढंच शिकायचं, आणि प्रमाणपत्र किंवा पदविका द्यायची नाही. शाळा सोडलेल्यांना आणि दुबळ्यांना आधी घ्यायचं. पहिलं केंद्र २१ मार्च १९७४ रोजी निघालं, तेही पुदुच्चेरीतच. म्हणजे कागद न देणाऱ्या आणि कागद देणाऱ्या, दोन्ही प्रयोगांची पहिली पाटी एकाच गावात लागली, एकवीस वर्षांच्या अंतरानं. इतिहासात असे योगायोग भेटले की माझ्यासारख्या कवितेच्या माणसाला उगाच आनंद होतो. अर्थ काढायला जाऊ नये.

खरपुडीचं केंद्र ऐंशीच्या दशकात आलं. जालना जिल्हाच मुळी १ मे १९८१ चा. औरंगाबाद जिल्ह्यातले तालुके आणि परभणीचा परतूर घेऊन तो केला. परभणीला कृषी विद्यापीठ १९७२ पासून होतं, बदनापूरला कडधान्यांचं संशोधन चालत होतं. बदनापूरच्या नावानं निघालेले ‘बीडीएन’ तुरीचे वाण सगळ्या मराठवाड्याला माहीत आहेत. पण खरपुडीचं केंद्र विद्यापीठाला मिळालं नाही. ते मराठवाडा शेती सहाय्य मंडळ या स्वयंसेवी संस्थेकडं आलं. पैसा दिल्लीचा, कारभार संस्थेचा. मंडळाचे विजयअण्णा बोराडे यांनी ऐंशीच्याच दशकात औरंगाबादजवळच्या आडगावात पाणलोटाचं काम केलेलं होतं. त्यामुळं या केंद्रात वर्गखोलीपेक्षा बांधाला मान राहिला.

अशा केंद्राचा खर्च मोजायला अवघड नाही. ठरलेली रचना सोळा माणसांची, त्यांत विषयतज्ज्ञ सहा. सोबत वीसेक हेक्टर जमीन, एखादी गाडी, एक शेतकरी निवास. वर्षाचे पगार मांडा, डिझेल मांडा, शिकायला येणाऱ्यांचं चहा-जेवण मांडा, झाला खर्च. भागाकार करायचा तर खाली काय मांडायचं, हा खरा पेच.

सरकारी रिवाज असा, की प्रशिक्षणाला किती माणसं बसली आणि किती दिवस बसली ते मांडायचं. पन्नास माणसं तीन दिवस म्हणजे दीडशे मनुष्यदिवस. खर्चाला दीडशेनं भागलं की एका माणसाला एक दिवस शिकवायला किती पडले ते निघतं. आकडा छान दिसतो. पण त्या हिशेबात, जेवणाच्या वेळेला येऊन सही करून गेलेला आणि घरी जाऊन बाग वाचवलेला, दोघं सारखेच धरले जातात. शिवाय या रीतीनं पाहिलं तर स्वस्त शिकवणं हेच चांगलं शिकवणं ठरतं. पन्नासाच्या जागी शंभर माणसं बसवली की माणशी खर्च निम्मा, आणि शिकणं? ते कुठल्या रकान्यात?

माझे मामू बागवान होते, मोसंबीचा व्यापार करायचे. बाग फुलोऱ्यात असताना किंवा फळ लिंबाएवढं झालं असताना ते मालकाकडून उक्ती घ्यायचे. झाडांच्या रांगेतून फिरून किती माल निघेल त्याचा अंदाज बांधायचा आणि पैसे मोजायचे. अंदाज चुकला तर तोटा त्यांचा. त्यामुळं त्यांची नजर फार कडक. ते झाडाकडं वर बघायच्या आधी खाली खोडाकडं बघायचे. मोसंबीला डिंक्या नावाचा रोग होतो, खोडातून डिंक वाहतो आणि झाड वाळत जातं. त्यावर मोरचूद आणि चुन्याची बोर्डो पेस्ट खोडाला लावतात, आणि पाणी खोडाला लागू नये म्हणून दुहेरी आळं करतात. निळसर रंगवलेलं खोड दिसलं की मामू म्हणायचे, “या मालकानं कुणाचं तरी ऐकलंय.” त्यांनी एकदा मला सांगितलेलं लक्षात आहे. एका शिवारात ओळीनं सात-आठ बागांची खोडं निळी होती. विचारलं तर त्यांतला एकच जण खरपुडीला जाऊन आलेला. बाकीच्यांनी त्याचं बघून लावलं होतं. केंद्राच्या रजिस्टरात एक सही. शिवारात आठ बागा.

मामूंच्या या गोष्टीला देशपातळीचा आकडा आहे. २००३ साली राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेनं ५९ व्या फेरीत शेतकरी कुटुंबांना विचारलं, की आधुनिक शेतीची माहिती तुम्हाला कुठून मिळते? शंभरातल्या साठ कुटुंबांनी सांगितलं, कुठूनच नाही. उरलेल्यांत सगळ्यांत वरचं नाव होतं पुढारलेल्या शेतकऱ्याचं, १६.७ टक्के. त्याखाली बी-बियाणं-औषधाचा दुकानदार, १३.१ टक्के. त्याला चिकटून रेडिओ, १३ टक्के. हे भाषण आकाशवाणीवर वाचताना हा आकडा मी जरा सावकाश वाचला, हे कबूल करतो! आणि कृषी विज्ञान केंद्र? ०.७ टक्का. शंभरात एकही नाही.

हा आकडा घेऊन कुणीही म्हणेल की केंद्रं बंद करा. देशात आज सातशेच्या वर केंद्रं आहेत, तेव्हा ती याहून बरीच कमी होती, पण सबब म्हणून तेवढं पुरत नाही. मला त्या यादीत पहिला आकडा महत्त्वाचा वाटतो. तो जो पुढारलेला शेतकरी आहे, ज्याचं बघून सोळा-सतरा घरं शिकतात, तो स्वतः कुठं शिकला? पाहणीत हा प्रश्न नव्हता. विचारला असता तर काही धागे खरपुडीसारख्या ठिकाणी पोचले असते, काही दुकानदाराकडं, काही त्याच्या आज्याकडं. शिक्षणाचा खर्च पहिल्या विद्यार्थ्यावर पडतो आणि फायदा चौथ्या-पाचव्याला होतो. हिशेब मात्र पहिल्यापाशी थांबतो.

पण यात एक धोका आहे. ‘आमचं शिकवणं झिरपतं, ते मोजता येत नाही’ असं कुठलंही निकामी केंद्र म्हणू शकेल, आणि म्हणतातही. मग मामूंसारखं खोड बघायला जावं लागतं.

खरपुडीपुरतं बोलायचं तर बघायला जायचं गाव कडवंची. जालना तालुक्यातलंच. १९९६ ते २००२ या काळात तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम झाला. चर खोदले, बांध घातले, झाडं लावली. या कार्यक्रमाच्या अटी कडक होत्या, श्रमदान करायचं, मोकाट चराई बंद, कुऱ्हाड बंद. खरपुडीची माणसं गावात सतत होती. आमच्या भागात पाऊस सरासरीनं सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तेवढ्या पावसात गाव ज्वारी-बाजरी-कापसावर जगत होतं, ते शेततळी आणि द्राक्षावर आलं. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं २०१२ साली गावाचा अभ्यास केला. कुटुंबाचं सरासरी वार्षिक उत्पन्न १९९५-९६ च्या चाळीस हजारांवरून तीन लाखांच्या पुढं गेलेलं आढळलं. त्याच २०१२ साली आमच्या जिल्ह्यात पाऊस जवळजवळ निम्म्यावर आला. जालना शहर टँकरनं पाणी पीत होतं, मोसंबीच्या शेकडो बागा वाळून सरपण झाल्या. कडवंचीच्या द्राक्षबागा टिकल्या. शिकण्याची परीक्षा घ्यायची तर अशा वर्षी घ्यावी. चांगल्या पावसात सगळेच हुशार दिसतात.

आता यातलं श्रेय कुणाचं? बांधांचं की शिकवण्याचं? चर खोदायला आलेल्या पैशाचं, द्राक्षाला मिळालेल्या भावाचं, की गावातल्या एकीचं? हे वेगळं करून दाखवता येत नाही, आणि जो दाखवतो त्याच्यापासून सावध राहावं असं माझं मत आहे. पण एक गोष्ट दिसते. पाणलोटाचे बांध मराठवाड्यात शेकडो गावांत घातले गेले. त्यांतल्या कितीतरी गावांत सरकारी माणूस गेला आणि बांध गाळानं भरले. कडवंचीत माणसं काम संपल्यावरही येत राहिली. खरपुडीला दर महिन्याच्या पाच तारखेला शेतकरी आणि शास्त्रज्ञांचं चर्चासत्र भरतं. तिथं मी काही वेळा मागं बसून ऐकलं आहे. शेतकरी पिशवीतून रोगट पान काढतो आणि टेबलावर ठेवतो. शास्त्रज्ञाला तिथल्या तिथं बोलावं लागतं. चुकीचं सांगितलं तर पुढच्या पाच तारखेला तोच माणूस तेच झाड घेऊन उभा. दर्जा राखायची याहून चांगली व्यवस्था मी कुठल्या कॉलेजात पाहिलेली नाही.

कडवंचीच्या खात्यात एक खर्चही मांडला पाहिजे. प्लास्टिकचं अस्तर लावलेलं शेततळं म्हणायला पावसाचं पाणी साठवतं, पण महाराष्ट्रात ठिकठिकाणी ती तळी विहिरीचं पाणी उपसून भरली जातात. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी एकाच्या तळ्यात येतं आणि उन्हात त्याची वाफ होते. शेततळं करायला शिकवणारी केंद्रं हे किती जोरानं शिकवतात? एका कुटुंबाचं उत्पन्न वाढलं हा दर्जाचा पुरावा असेल, तर शेजाऱ्याची विहीर आटली हाही हिशेबात धरायला हवा.

शेतीतल्या शिक्षणाचा सगळ्यांत निष्ठुर परीक्षक मात्र केंद्रात नसतो, बियाण्याच्या धंद्यात असतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको काढली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जालना बियाण्याचं गाव झालं. संकरित कापसाचं बी तयार करणं हे हातानं करायचं काम. दुपारनंतर, उद्या उमलणारी कळी हेरून तिचे पुंकेसर काढून टाकायचे, खूण करायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल घेऊन त्यावर परागकण लावायचे. एक कळी राहिली की तिथं भेसळ. तयार झालेलं बी कंपनी पेरून बघते. संकरित कापसात शंभरातली किमान नव्वद रोपं शुद्ध निघावी लागतात. नाही निघाली तर लॉट फेल, हंगाम गेला. हे कौशल्य आमच्या भागातल्या हजारो बायकांना येतं. कुठल्या कॉलेजात शिकल्या? कंपनीच्या माणसानं एकदा एका मुकादमाला दाखवलं, त्यानं दहा जणींना, त्यांनी जावांना आणि मुलींना. खर्च किती आला ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

इथपर्यंत मी कागद न देण्याच्या बाजूनं बोलत आलो. माझ्या घरची रीतही तीच होती. उर्दू शायरीत शागीर्द आपली गझल उस्तादापुढं ठेवतो, उस्ताद इस्लाह करतो, एखादा शब्द बदलतो. वर्षानुवर्षं हेच. शेवटी कुणी सर्टिफिकेट देत नाही. मी मराठीत लिहायला लागलो तेव्हाही तसंच शिकलो. माझी बीएची पदवी मराठवाडा विद्यापीठाची, नामांतराच्या आधीची, ट्रंकेत आहे. कवितेला तिचा काही उपयोग झाला नाही. पण नोकरीच्या अर्जाला झाला, आणि हे विसरून चालणार नाही.

कारण शेतकऱ्याला कागद लागत नाही, त्याच्याकडं सातबारा असतो. ज्याच्याकडं जमीन नाही त्याला कागद लागतो. आमच्या मोहल्ल्यातला पोरगा आठवीत शाळा सोडून वेल्डिंगच्या दुकानात बसतो. जालन्यात पोलादाच्या रोलिंग मिल आहेत, हाताला काम मिळतं, पाच वर्षांत हात तयार होतो. मग तो आखाती देशात जायचं म्हणतो, आणि तिथं पहिला प्रश्न येतो, आयटीआय झालाय का? नसेल तर हेल्पर. तोच हात, पगार कमी. सच्चर समितीनं २००६ च्या अहवालात दाखवलं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका झालेले शंभरात चारसुद्धा नाहीत, आणि सगळ्या देशाचं प्रमाण तेव्हा सातच्या आसपास होतं. आठवी झालेल्यांनाही प्रवेश मिळेल असं तंत्रशिक्षण हवं, हे त्या समितीचं म्हणणं होतं. मेहता समितीचं तत्त्व बांधावर बरोबर आहे. मोहल्ल्यात ते जसंच्या तसं चालत नाही.

मोहल्ल्यासाठीचा प्रयोगही आपल्याकडेच झालेला आहे. १९६७ साली मुंबईत वरळीला देशातलं पहिलं श्रमिक विद्यापीठ निघालं, गिरणी कामगारांसाठी. कामाच्या वेळा सांभाळून, थोडं वाचन-लेखन, थोडं कौशल्य, थोडं नागरिकपण. २००० साली या केंद्रांचं नाव जनशिक्षण संस्थान झालं, आणि २०१८ साली ती शिक्षण खात्याकडून कौशल्य विकास खात्याकडं गेली. खातं बदललं की हिशेबाचा रकाना बदलतो. आधी विचारायचे किती जणांना लिहिता-वाचता आलं, मग विचारू लागले किती जणांना काम मिळालं. दुसरा प्रश्न गैर नाही. पण काम लागल्याचा दाखला तीन महिन्यांचा घेतला की चौथ्या महिन्यात काय झालं ते कुणी बघत नाही.

म्हणून कम्युनिटी कॉलेजांचा आढावा घ्यायला जे कुणी येतील त्यांनी रजिस्टर जरूर बघावं, पण पाच वर्षांपूर्वीचं बघावं. त्यातली वीस नावं काढावीत आणि त्या घरी जावं. वीस घरं शिकवणीला न गेलेल्यांचीही बघावीत, त्याच गल्लीतली, त्याच शिवारातली. दिवस कुठला निवडायचा तर मंदीतला, दुष्काळातला. जालन्यात २०१८ साली रेशीम कोषाचा बाजार सुरू झाला. त्याआधी आमचे शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचे. आता लिलावाच्या दिवशी तिथं तासभर उभं राहिलं तरी कळतं की कुणाच्या अळ्यांना कुणी नीट पाला घातला. कोषाला मिळालेला भाव लपत नाही.

आणि जाता जाता त्या कापसाच्या प्लॉटमध्येही डोकवावं. तिथल्या बाईला विचारावं, हे कुणी शिकवलं? ती सासूचं नाव सांगेल. मग विचारावं, तुम्ही किती जणींना शिकवलं? बोटं मोजायला तिला थोडा वेळ लागेल, कारण हातात नराची फुलं असतात आणि ऊन चढायच्या आत ओळ संपवायची असते.